इंटरनेटला पहिल्यांदाच हात लावणाऱ्यांना शोधायला कसं शिकवता?

निळी_शाई

नमस्कार मंडळी,

गेले काही महिने मी एका वाचनालयात आठवड्यातून एकदा दीड तास नवशिक्यांना इंटरनेट शिकवते. बहुतेक जण साठीच्या पुढचे. काही तरुणही आहेत, पण मेसेज आणि व्हिडिओ यांच्यापलीकडे त्यांनी फोन कधी वापरलेला नाही.

पहिले चार वर्ग मी फळ्यावर आकृत्या काढल्या. ब्राउझर, सर्व्हर, लिंक, वेबसाइट, बाण इकडून तिकडे. सगळे माना डोलवायचे, वहीत उतरवून घ्यायचे. पुढच्या आठवड्यात विचारलं की घरी काय शोधलंत, तर कुणीच काही शोधलेलं नसायचं.

पाचव्या वर्गाला एका काकूंनी विचारलं, "आमच्या गच्चीत एक काळापांढरा पक्षी येतो, सारखी शेपटी हलवतो. त्याचं नाव सांगेल का हे?" मी सवयीने त्यांचा फोन घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हटलं, तुम्हीच लिहा.

त्यांनी लिहिलं, 'आमच्या गच्चीत येणारा पक्षी'. पाच-सहा मिनिटं लागली. समोर आलं ते गच्चीवरची बाग, पक्ष्यांसाठी पाणी कसं ठेवावं वगैरे. काकू हिरमुसल्या. मी विचारलं, "ज्याने या पक्ष्यावर लिहिलं असेल, त्याला तुमची गच्ची माहीत असेल का? तो माणूस काय लिहील?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग लिहिलं, 'काळा पांढरा पक्षी शेपटी वर खाली हलवतो'. वर 'इमेज' लिहिलेलं दाखवलं, त्यावर त्यांनी बोट ठेवलं. चौथ्या चित्रावर त्या जवळजवळ ओरडल्याच, "हाच तो!"

धोबी. आता नाव मिळालं म्हणून त्यांनी नुसतं 'धोबी' लिहिलं, तर कपडे धुण्याबद्दलची पानं आली. मग स्वतःहूनच पुढे 'पक्षी' जोडलं. मी एक अक्षर बोलले नव्हते. पांढऱ्या चेहऱ्याचा पांढरा धोबी वेगळा आणि काळ्या डोक्याचा, पांढऱ्या भुवईचा थोरला धोबी वेगळा, हेही त्यांनीच वाचून आम्हाला सांगितलं. त्यांच्या गच्चीत येतो तो भुवईवाला.

त्या दिवसापासून फळा बंद. आता एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगते: ज्या पानावर तुमचं उत्तर आहे, त्या पानावर कोणते शब्द असतील? ते शब्द लिहा. प्रश्न शिकणाऱ्याचा आणि बोटही शिकणाऱ्याचंच. फोन मी हातात घेत नाही, कितीही वेळ लागला तरी.

तुमच्यापैकी कुणी आईवडिलांना, शेजाऱ्यांना, वर्गात शिकवलं असेल तर सांगा. पहिल्या दिवशी काय शिकवता आणि काय मुद्दाम मागे ठेवता?

---

कंदील

धागा आवडला, पण फळा बंद करण्याशी सहमत नाही.

माझे वडील दोन वर्षं फोन वापरत होते आणि गूगल म्हणजेच इंटरनेट असं समजत होते. एकदा ते पान उघडेना तर म्हणाले, आज इंटरनेट बंद आहे. हा गोंधळ काढल्याशिवाय पुढचं काही नीट बसत नाही. मी तीन गोष्टी वेगळ्या करून सांगतो. इंटरनेट म्हणजे जगभरच्या संगणकांना जोडणारं जाळं आणि त्यांनी एकमेकांशी बोलायचे नियम. आजचे नियम ज्यावर उभे आहेत ते टीसीपी/आयपी, १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट या इंटरनेटच्या आधीच्या जाळ्यावर लागू झाले. वेब म्हणजे त्या जाळ्यावरची एकमेकांना लिंकने जोडलेली पानं. ती कल्पना १९८९ साली सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी मांडली. आणि गूगल, बिंग, डकडकगो ही त्या पानांत शोधून देणारी यंत्रं. ईमेल वेबच्या आधीपासूनची, ती इंटरनेटवर चालते पण ती वेब नव्हे.

इतिहास सांगायचा कारण त्यातून एक कामाची गोष्ट समजते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबचं तंत्र सगळ्यांना विनामूल्य खुलं केलं. पान टाकायला कुणाची परवानगी लागत नाही. हे वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांचा पुढचा प्रश्न होता, "मग ते खरं आहे की नाही हे कोण बघतं?" कुणी बघत नाही, आपणच बघायचं. हे त्यांच्या मनात एकदा बसलं आणि नंतर मला वेगळं सांगावं लागलं नाही.

---

निळी_शाई

कंदील, वडिलांचा प्रश्न फार मोलाचा आहे. पण बघा, दोन वर्षं वापरल्यानंतर तो प्रश्न त्यांना पडला. पहिल्या दिवशी हेच सांगितलं असतं तर पडला असता का? तुमची माहिती मी तिसऱ्या-चौथ्या वर्गात सांगेन, नक्की. 'आज इंटरनेट बंद आहे' असं कुणीतरी म्हणेल, तेव्हा.

---

टिंबटिंब

मी शोधयंत्रांशी संबंधित काम करतो, म्हणून एका मुद्द्यावर थोडं लांब लिहितो.

आपण शब्द लिहिले की यंत्र त्या क्षणी जगभर धावत जाऊन शोधतं, असा जवळपास सगळ्यांचा समज असतो. तसं होत नाही. त्या यंत्राचे प्रोग्रॅम, ज्यांना क्रॉलर म्हणतात, ते आधीच लिंकमागून लिंक धरत पानं वाचत फिरलेले असतात. वाचलेल्या पानांची एक सूची तयार असते. जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी, कोणता शब्द कुठल्या पानावर. आपण शोधतो ते त्या सूचीत. त्यातून सापडलेल्या हजारो पानांपैकी वर कोणतं ठेवायचं हे ठरवणं हा खरा अवघड भाग.

१९९५ च्या डिसेंबरात आलेलं अल्टाव्हिस्टा सूचीच्या बाबतीत त्या काळी जबरदस्त होतं, पण क्रमवारीत मार खायचं. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये शिकताना वेगळा विचार केला: ज्या पानाकडे इतर पानं बोट दाखवतात ते महत्त्वाचं, आणि बोट दाखवणारं पान स्वतः महत्त्वाचं असेल तर त्या बोटाचं वजन जास्त. १९९८ साली त्यावर गूगल कंपनी उभी राहिली. आज क्रमवारीत इतर असंख्य गोष्टी धरतात, पण मूळ सूत्र हे.

शिकणाऱ्याला यातलं काय द्यायचं? सूचीची उपमा द्या, कारण तिच्यातून बाकीचं आपोआप निघतं. आज सकाळी टाकलेलं पान संध्याकाळी मिळालं नाही तर ते सूचीत अजून चढलेलं नाही. तुमची ईमेल, खाजगी गटातलं बोलणं, पासवर्ड टाकून उघडणारी पानं या सूचीत येत नाहीत. शोधून सापडलं नाही म्हणजे ते जगातच नाही, असं समजायचं नाही. आणि पहिला क्रमांक म्हणजे खरेपणाचा शिक्का नव्हे. ते यंत्राचं अनुमान आहे, की तुम्हाला हे हवं असावं.

---

जुनी_पाटी

नमस्कार. मी इथे वाचते, लिहिते क्वचित. माझं वय एकाहत्तर. फोनवर बोलून लिहायला नातीने शिकवलं, त्यामुळे हे लिहू शकते आहे.

तुम्ही सगळे शिकवणारे लिहिताय, म्हणून शिकणाऱ्याच्या बाजूचं सांगते. आम्हाला अवघड वाटतं ते समजायला नव्हे. भीती वाटते. कुठेतरी बोट लागेल आणि काहीतरी बिघडेल, पैसे जातील, कुणाला भलतंच काही पाठवलं जाईल. मुलगा म्हणतो काही होत नाही, दाब बिनधास्त. सून म्हणते कशालाही हात लावू नका. दोघांचं ऐकून मी फोन बाजूला ठेवते. नक्की कुठे बोट लावलं तर चालतं आणि कुठे नाही, हे कुणी स्पष्ट सांगेल का?

---

पानगळ

जुनी_पाटी ताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे.

शोधणं, निकाल वाचणं, पान उघडणं, खाली सरकवणं, मागे येणं. एवढ्याने फोन बिघडत नाही की पैसे जात नाहीत. फोनचं सॉफ्टवेअर वेळोवेळी अपडेट करत राहायचं, बस. चुकीच्या पानावर गेलात तर मागे जायचा बाण. तोही चालेना तर ती टॅब बंद करायची. 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस सापडला' असं लाल अक्षरांत कुठलं पान ओरडायला लागलं तरी हेच करायचं, कारण तुमच्या फोनमध्ये काय आहे ते त्या पानाला दिसत नाही.

थांबायचं ते पान तुमच्याकडे काही मागतं तेव्हा. पासवर्ड, ओटीपी, कार्डाचा नंबर मागितला. एखादं ॲप किंवा फाइल उतरवून घ्यायला सांगितलं. फोन करायला सांगितला. किंवा 'सूचना पाठवायला अनुमती द्या' अशी खिडकी उघडली. ही शेवटची निरुपद्रवी वाटते, पण एकदा 'हो' म्हटलं की दिवसभर खोट्या बक्षिसांच्या जाहिराती येत राहतात. तिथे 'ब्लॉक करा'. यापैकी काहीही आलं की फोन खाली ठेवा, घरच्या कुणाला तरी दाखवा. घाई कुठल्याच खऱ्या पानाला नसते.

हे मी शिकले ते आमच्याच घरात घडलं म्हणून. माझ्या मामांचे बँकेचे पैसे कुठेतरी अडकले होते. त्यांनी बँकेचं नाव आणि 'ग्राहक सेवा नंबर' असं शोधलं. सगळ्यात वर जो नंबर दिसला तो लावला. पलीकडचा माणूस अतिशय अदबीने बोलला, एक ॲप टाकायला सांगितलं, आणि त्या ॲपमधून मामांचा सगळा स्क्रीन त्याला दिसू लागला. पुढचं सांगायला नको. मामा कॉलेजात शिकवायचे, साधेभोळे वगैरे अजिबात नाहीत. फक्त वर असतं ते खरं असतं, असं त्यांना वाटत होतं. तो निकाल जाहिरात होता. वर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' लिहिलेलं होतं आणि तो शब्द त्यांना कुणीही कधी दाखवला नव्हता.

म्हणून माझ्या मते पहिल्याच दिवशी निकालाचं पान वाचायला शिकवा, काहीही उघडण्याआधी. यातलं 'प्रायोजित' कोणतं? प्रत्येक निकालाबरोबर बारीक अक्षरांत पत्ता असतो, तो कुणाचा? दहा निकालांवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावा. आणि बँकेचा नंबर शोधायचाच नाही, तो कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर छापलेला असतो.

---

जुनी_पाटी

पानगळ, फार आभार. "पान तुमच्याकडे काही मागतं तेव्हा थांबायचं" हे वहीत लिहून ठेवलं. तुमच्या मामांबद्दल वाचून वाईट वाटलं.

पत्ता वाचायचा म्हणजे काय वाचायचं? तो तर भलामोठा असतो, सगळा इंग्रजीत.

---

टिंबटिंब

ताई, पत्त्यातला एकच तुकडा महत्त्वाचा. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या. त्यानंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिथे थांबा आणि तिथून डावीकडे, म्हणजे उलट वाचा. शेवटचा तुकडा 'कॉम', 'ऑर्ग' असा काहीतरी, आणि त्याच्या लगेच आधीचं नाव हे मालकाचं. काही देशांच्या पत्त्यांत शेवटचे दोन तुकडे सोडून त्याआधीचं नाव बघावं लागतं. समजा पत्ता आहे 'तुमचीबँक डॉट मदतकेंद्र डॉट कॉम'. बँकेचं नाव पुढे दिसतंय, पण मालक मदतकेंद्र नावाचा कुणीतरी आहे. पुढचा तुकडा कुणीही आपल्या मनाने जोडू शकतो. फसवणारे नेमका याचाच फायदा घेतात.

पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हाबद्दल एक खुलासा, कारण अजूनही बरेच वर्ग 'कुलूप दिसलं की साइट सुरक्षित' असं शिकवतात. कुलपाचा अर्थ एवढाच की तुमच्या आणि त्या साइटच्या मधे कुणाला बोलणं चोरून वाचता येत नाही. साइट प्रामाणिक आहे असा अर्थ नाही. फसव्या साइटलाही कुलूप मिळतं. लोकांचा हा गैरसमज होतो म्हणूनच क्रोम या ब्राउझरने २०२३ साली ते चिन्ह बदललं.

---

शब्दवेल्हाळ

सगळे शोधण्याबद्दल बोलताय, मराठीत शोधण्याबद्दल कुणीच नाही. आपल्या नवशिक्यांची अर्धी अडचण तिथे आहे.

ते मराठीत शोधतात, काही सापडत नाही, आणि आपल्यालाच जमत नाही असं धरून चालतात. बऱ्याचदा दोष त्यांचा नसतो. युनिकोड म्हणजे संगणकावर प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, पण आपल्याकडे पुढे कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टमध्येच मजकूर टाकला गेला. त्यात पडद्यावर 'क' दिसायचा, पण आत साठवलेलं असायचं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह. त्यामुळे ते मराठी म्हणून शोधताच येत नाही. शिवाय स्कॅन करून टाकलेली पुस्तकं ही नुसती चित्रं असतात. त्यातली अक्षरं ओळखून काढलेली नसतील तर तीही निसटतात.

दुसरं, लेखनभेद. 'संगणक', 'कॉम्प्युटर', 'कंप्युटर', 'काँप्युटर' हे यंत्र नेहमी एक धरेलच असं नाही. आणि एक बारीक गोष्ट, जी मला स्वतःला फार उशिरा कळली. 'ॲ' हे सुटं अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अ' वर अर्धचंद्र देऊन तेच अक्षर जुळवायचे, अजूनही देतात. डोळ्याला दोन्ही सारखेच, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. 'ऱ्या' मधल्या अर्ध्या 'र' चंही तसंच, तो लिहायच्या दोन पद्धती आहेत. मोठी शोधयंत्रं असे फरक बरेचसे सांभाळून घेतात, पण एखाद्या साइटच्या आतलं छोटं शोधयंत्र बहुधा नाही. मराठीत नाही मिळालं तर शब्द दुसऱ्या तऱ्हेने लिहून बघा, मग इंग्रजी शब्द देवनागरीत, मग थेट इंग्रजीत. हा क्रम मी भिंतीवर लावून ठेवला आहे.

बोलून लिहिण्याची सोय मात्र वरदान आहे. ज्यांचं लिखाणच कमी झालंय त्यांचा सगळा धीर कीबोर्डवरच संपतो. पण बोलल्यावर काय उमटलं ते वाचून मगच शोधायचं, ही सवय लावा. माझ्या एका विद्यार्थ्याच्या 'मान दुखते' चं 'मन दुखते' झालं आणि त्याला पंधरा मिनिटं नैराश्यावरचे लेख वाचावे लागले.

---

उंबरठा

मी ग्रंथपाल आहे. पान सापडल्यानंतरच्या भागाबद्दल लिहिते.

आम्ही पूर्वी विद्यार्थ्यांना यादी द्यायचो. लेखकाचं नाव आहे का, तारीख आहे का, पत्ता 'ऑर्ग' ने संपतो का, मांडणी नीट आहे का. ही यादी मी आता देत नाही. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ साली एक अभ्यास मांडला. त्यात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी साइट तपासायला दिल्या. इतिहासकार आणि विद्यार्थी बरेचदा देखण्या मांडणीला आणि भारदस्त नावाला फसले. तथ्यतपासनीस मात्र त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. लगेच नव्या टॅब उघडून त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहिलं, आणि कमी वेळात जास्त अचूक निष्कर्ष काढला.

माणूस कसा आहे हे त्यालाच न विचारता चार जणांना विचारतो, तसंच. नवशिक्यांना हे लगेच पटतं, कारण आयुष्यभर त्यांनी तेच केलेलं असतं. त्यांना फक्त नवी टॅब उघडायला शिकवायचं. विकिपीडियाही या कामाला चांगला. तिथलं वाक्य अंतिम म्हणून घ्यायचं नाही, पण खालचे संदर्भ उघडून बघायचे.

---

कंदील

आणि हल्ली सगळ्यात वर जे एआयने लिहिलेलं उत्तर येतं त्याचं काय करायचं? वडील तेवढंच वाचून फोन ठेवतात.

---

टिंबटिंब

कंदील, ते उत्तर म्हणजे यंत्राने बऱ्याच पानांवरून जुळवलेला मजकूर. बहुतेक वेळा ठीक असतो, पण चुकतो तेव्हाही त्याच ठाम सुरात चुकतो. गूगलने मे २०२४ मध्ये अमेरिकेत ही सोय सगळ्यांना दिली, तेव्हा पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून त्यात गोंद मिसळा असं उत्तर त्यात आलं होतं. ते आलं होतं एका चर्चास्थळावर कुणीतरी कित्येक वर्षांपूर्वी थट्टेत लिहिलेल्या वाक्यावरून. यंत्राला थट्टा कळली नाही. वडिलांना सांगा, उत्तराशेजारी लिंक असतात, त्यातली निदान एक उघडून ते वाक्य तिथे खरंच आहे का बघा. औषध, पैसा, कायदा असेल तर फक्त वरच्या उत्तरावर थांबायचं नाही.

---

निळी_शाई

किती मिळालं या धाग्यात! पुढच्या वर्गापासून पहिली वीस मिनिटं फक्त निकालाचं पान मोठ्याने वाचणं. पानगळ, मामांची हकिगत नाव न घेता सांगितली तर चालेल ना?

जुनी_पाटी ताई, तुमच्यासाठी दोन युक्त्या, ज्या माझ्या वर्गात सगळ्यात जास्त वापरल्या जातात. शब्द अगदी तसेच आणि त्याच क्रमाने हवे असतील तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत टाका. आणि एखाद्या लांबलचक पानावर नेमका शब्द हवा असेल तर फोनच्या ब्राउझरमध्ये तीन टिंबांवर बोट ठेवून 'पेजमध्ये शोधा' असं असतं ते वापरा. संगणकावर कंट्रोल आणि एफ.

---

पानगळ

जरूर सांगा. मामांनाच विचारलं, ते म्हणाले नावासकट सांगितली तरी चालेल.

---

जुनी_पाटी

आज एकटीने शोधलं. घरात कुणी नव्हतं.

माझं शिलाई मशीन बरीच वर्षं पडून आहे, खालचा दोरा वर येतच नाही. माहितीपुस्तिका केव्हाच हरवली. मशीन आडवं करून तळाची पट्टी पुसली, त्यावरचा नंबर चष्मा लावून वाचला आणि अवतरणचिन्हांत टाकला. पुढे 'मॅन्युअल' इंग्रजीत लिहिलं. पहिले दोन निकाल 'प्रायोजित' होते, ते सोडले. तिसऱ्याचा पत्ता उलटा वाचला, एकटी तिरकी रेघ शोधून. मशीनच्या कंपनीचंच नाव होतं. उघडलं तर माझंच मशीन, तोच हिरवट रंग. कसली परवानगी मागितली तर थांबायचं म्हणून तयार होते, पण त्याने काहीच मागितलं नाही.

पुस्तिका पीडीएफ आहे, ४८ पानांची, इंग्रजीत. त्यात बॉबिनबद्दल कुठे लिहिलंय ते शोधायचंय, पण तीन टिंबांत 'पेजमध्ये शोधा' दिसत नाही. पीडीएफमध्ये ते कुठे असतं?

---

निळी_शाई

ताई, वा! पीडीएफ उघडल्यावर वरच्या बाजूला एक भिंगाचं चित्र दिसतंय का बघा. त्यावर बोट ठेवा आणि 'बॉबिन' इंग्रजीत लिहा, कारण पुस्तिकेत ते इंग्रजीतच असणार. शेजारचे छोटे बाण दाबले की पुढच्या पुढच्या जागी नेतात.

---

जुनी_पाटी

सापडलं भिंग. नऊ ठिकाणी आहे. पहिल्यापासून वाचते.